चन्नप्पांची दिवसपाळी

आमच्या समोर राहणारे चन्नप्पा कुणालाही नमस्कार करत नसत. माणूस दिसला की ते त्याच्या अगदी जवळ जात, नाक पुढे काढत आणि म्हणत, "हाऽ करा."

पोस्टमनला हाऽ करा. दूधवाल्याला हाऽ करा. आमच्या शाळेचे हेडमास्तर एकदा माझ्याकडे आले होते. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस. त्यांनाही चन्नप्पांनी गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. हेडमास्तर इतके गडबडले की त्यांनी मुकाट्यानं हाऽ केलं. चन्नप्पांनी डोळे मिटून वास घेतला, "क्लिअर," म्हणाले आणि वाट सोडली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या भागात काही साथबीथ आहे का हो?"

साथ नव्हती, दारू सोडायची शाळा होती. चन्नप्पा तिला दिवसपाळी म्हणत.

चन्नप्पा गिरणीतले निवृत्त टाइमकीपर. सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं-बसायचं, त्या काळातली ही गोष्ट. गिरणीच्या फाटकाशी उभं राहून कामगारांचे बिल्ले घ्यायचे आणि हजेरी मांडायची, हे त्यांनी तीस वर्षं केलं. त्यातली निम्मी वर्षं ते स्वतःच टाकून उभे असत. एके दिवशी त्यांनी मस्टरवर आपल्याच नावापुढे गैरहजर लिहिलं. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही तर माझ्यासमोर उभे आहात!" चन्नप्पा म्हणाले, "हुबा हाय की सायेब, पर हजर न्हाय." त्या दिवसापासून त्यांनी बाटलीला हात लावला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या अंगणात पत्रा घातला आणि पाळी सुरू केली. सकाळी बरोबर नऊला ते ओट्यावर चढत, दोन्ही तळवे तोंडाशी धरत आणि भोंगा देत. तोंडानं. "भोंऽऽऽऽ" असा पुरं अर्धं मिनिट. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा वांग्यासारखा होई. मी त्या भोंग्यावर घड्याळ लावत असे. भोंगा झाला की सात माणसं खाली मान घालून गल्लीतून येत, हाऽ करत आणि फळ्यावरचा आपापला बिल्ला उचलत. बिल्ले तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले. एक नंबरचा बिल्ला मात्र पितळी, तो खुद्द चन्नप्पांचा. "पयला पेशंट मी," ते कुणालाही अभिमानानं सांगत. "अजून पाळीवर हाय."

दिवसभराचं काम म्हणजे शेंगा. शेंगा फोडायच्या, दाणे भाजायचे, लसूण-तिखट घालून उखळात चटणी कुटायची. दारू सोडलेल्या माणसाचे हात थरथरतात. त्या थरथरत्या हातांना शेंगेएवढं काम पुरतं, असं चन्नप्पांचं शास्त्र होतं. ज्याला भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागत, त्याला ते शेंगा देत नसत. त्याला टांग्यात घालून आधी मोठ्या दवाखान्यात नेत, आणि तो माणसात आला की मग बिल्ला देत.

पण शेंगा म्हणजे चकणा, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. चटणीचा वास गल्लीभर सुटायचा आणि पाळीवरच्या नरसय्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नरसय्या मागावर काम करणारा, साधा माणूस. तो म्हणायचा, "चन्नप्पा, समदं हाय बगा हितं. फकस्त एकच वस्तू कमी हाय." त्यात पलीकडच्या गुत्तेवाल्याचा निरोप आला, तुमची चटणी आमच्या गिऱ्हाइकांना फार आवडते, रोज पाठवत जा. चन्नप्पांना हा अपमान सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चटणीत दुप्पट तिखट घातलं आणि ती मुद्दाम गुत्त्यावर पाठवून दिली, म्हणजे लोक दारू सोडून पाण्याकडे पळतील. लोकांनी आणखी चटणी मागवली.

एकदा मोठ्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर हा प्रकार समजून घ्यायला आले. त्यांचं हाऽ झालं, क्लिअर निघाले. ते म्हणाले, "पण यांना संध्याकाळी घरी का सोडता? महिनाभर कोंडून ठेवलं तर लवकर सुटेल ना?"

"दवाखान्यात दारू आस्ती का?"

"नाही."

"मग तितं कोन बी सुटतंय की, डागदरसायेब. तितं म्या बी सुटलोवतो, दोन डाव. घरला आलो की पुन्ना सुरू. दारू सोडायची आस्ती ती घरात, आपल्या गल्लीत, आपल्या बायकोम्होरं. म्हनून दिवसा हितं शिकायचं आनि रातीला घरला जाऊन परिक्षा द्यायची. सकाळी हाऽ केलं की निकाल."

डॉक्टर वहीत लिहून घेत होते. "आणि नापास झाला तर?"

"तर काय? भोंगा रोज व्हतोय की."

अडचण फक्त तास-दीड तासाची होती, पाळी सुटल्यापासून घराच्या दारापर्यंतच्या. आमच्या भागात गुत्ते तीन. म्हणून साडेपाचला चन्नप्पा सगळ्यांना घेऊन स्वतः निघत. पुढे चन्नप्पा, मागे ओळीनं सात माणसं, सगळे गुत्ते चुकवत. नरसय्याचं घर सरळ रस्त्यानं पाच मिनिटांवर. हे लोक तलावाला वळसा घालून पाऊण तासानं पोचत. दारात बायकोच्या ताब्यात माणूस दिला की पुढचं घर. शेवटचा माणूस नेमका गुत्त्याच्या मागच्या बोळात राहायचा. त्याला पोचवून चन्नप्पांना गुत्त्याच्या दारावरूनच एकट्यानं परत यावं लागे. सात माणसांना सोबत करणाऱ्या या माणसाला परतीला सोबत नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "सात जनांची काळजी न्हाय वो मास्तर," ते मला म्हणाले होते. "आठवा लई बेरकी हाय."

आठव्याचा बंदोबस्त गंगव्वांकडे होता. गंगव्वा म्हणजे त्यांची बायको, दुधनीकडची, मराठीपेक्षा कानडीत जास्त बोलणारी, आणि एकूणच कमी बोलणारी. चन्नप्पा परत आले की त्या उंबऱ्यात उभ्या राहत. चन्नप्पा पायरीवरून हाऽ करत. त्या वास घेत, हात पुढे करून पितळी बिल्ला घेत, आणि म्हणत, "ओळग बर्री." म्हणजे आत या. मग चन्नप्पा आत जात आणि त्यांची पाळी सुटे. रोज सव्वासातच्या सुमाराला आम्हाला समोरून हे ऐकू येई. आम्ही त्यावर पानं घ्यायचो.

माझी बायको सुमन मात्र चन्नप्पांचं नाव घेत नसे. ती त्यांना 'समोरचा' म्हणायची. त्याला कारण माझे सासरे.

सासरे करमाळ्याचे, निवृत्त तलाठी. दोन दिवसांसाठी आमच्याकडे आले होते. दुपारी जेवून ओट्यावर शतपावली घालत होते, तेवढ्यात चन्नप्पांनी त्यांना गाठलं. हाऽ झालं. चन्नप्पा गंभीर झाले.

"कदीपासून घेता?"

"काय, ते होय? पंधरा वर्षं झाली."

"पंद्रा! रोज?"

"दोन्ही वेळा, जेवणानंतर. वैद्यांनीच सांगितलंय."

"आनि घरात म्हाईत हाय?"

"म्हणजे काय! सूनच ओतून देते."

चन्नप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे पोटासाठी द्राक्षासव घेत होते. हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही आणि विचारायची यांना. चन्नप्पांनी त्यांचा हात धरून पत्र्याखाली नेलं आणि नऊ नंबरचा बिल्ला दिला. सासऱ्यांना वाटलं, काहीतरी भजनी मंडळ असावं. संध्याकाळी ओळीतून तलावाला वळसा घालून त्यांना चन्नप्पांनी समोरच्याच आमच्या दारात आणून सोडलं आणि सुमनला हळू आवाजात म्हणाले, "वैनी, संबाळा. मानूस चांगला हाय."

सुमनचा संताप झाला. त्यात भाजीवाल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी तिला भर गल्लीत विचारलं, "काय वो, तुमचं वडील बी त्यातलंच का?" खरा कहर म्हणजे दोन दिवसांसाठी आलेले सासरे बारा दिवस राहिले. भोंगा झाला की चहा अर्धा टाकून निघत. करमाळ्यात कुणी त्यांचं ऐकत नव्हतं आणि इथं सात माणसं शेंगा फोडत त्यांच्या मोजणीच्या गोष्टी ऐकत होती. नरसय्या तर पुन्हा पुन्हा विचारायचा, "मग त्या बांदाचं काय झालं?" जाताना सासरे बिल्ला बरोबर घेऊन गेले. "पुन्हा त्या समोरच्याला माझ्या दारात उभं करणार नाही," सुमननं मला बजावलं. मी मान हलवली. माझं दारावर कधीच काही चालत नव्हतं.

गंगव्वा गेल्या त्या पावसाळ्यात. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. सुमन दोन वेळा समोर जाऊन भाकरी ठेवून आली, पण चन्नप्पांशी बोलली नाही.

गल्लीला एकच प्रश्न पडला होता, आता हा माणूस पुन्हा पिणार का. उघड कुणी म्हणत नव्हतं, पण सगळ्यांची नाकं त्या घराकडे लागली होती. सहाव्या दिवशी नऊला भोंगा झाला. आवाज फुटका होता, मध्येच तुटला, पण झाला. सातही माणसं आली. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी चन्नप्पा ओळ घेऊन निघाले, सव्वासातला परत आले आणि घरात न जाता पायरीवर बसले. आठ वाजले तरी बसलेलेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गल्लीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, तोल जात असेल म्हणून चढत नाही. कुणी म्हणालं, त्याला गुत्त्याच्या दारात बघितलंय.

चौथ्या दिवशी मी धीर करून गेलो. किती वाजले, असं एका टाइमकीपरला विचारलं आणि त्या निमित्तानं हळूच नाक पुढे केलं. लसणाचा वास आला, दुसरा कसलाच नाही. मग मलाच माझी लाज वाटली.

"घरात जा ना चन्नप्पा. दार तर उघडंच दिसतंय."

"दार उगडंच हाय, मास्तर. पर आत जाता येईना बगा. पाळी सुटली आसं कुनीतरी म्हनाय पायजे की."

 ते पितळी बिल्ला या हातातून त्या हातात करत होते.

"आज गुत्त्याम्होरं थांबलो," ते म्हणाले. "दोन पावलं आत बी गेलो. खोटं कशाला बोलू? मनात आलं, घरला गेल्यावर वास कोन घेनार? कोन बी न्हाय. म्हंजे आज पिलं तरी चालतंय की. आनि मास्तर, त्या चालतंयलाच म्या भ्यालो. पळत आलो बगा. ह्या वयात पळालो."

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. फक्त वाकून वास घ्यायचा होता. पण साठीच्या माणसाला, जो गावाला हाऽ करायला लावतो त्याला, हाऽ करा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "चहा घेता का?" इतका बावळट प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. सुमन रस्ता ओलांडून येत होती. हात पिठानं भरलेले, कपाळावर आठ्या. आमचं बोलणं खिडकीतून तिनं ऐकलं असावं, कारण आमच्या गल्लीत न ऐकण्याची सोयच नव्हती. मला वाटलं, आता वडिलांचा विषय निघतो.

ती पायरीशी थांबली आणि म्हणाली, "हाऽ करा."

चन्नप्पांनी वर बघितलं. क्षणभर त्यांना समजलं नाही. मग ते उठून उभे राहिले, भोंग्याला उभे राहत तसे ताठ, आणि त्यांनी हाऽ केलं. सुमननं डोळे मिटून वास घेतला. पिठाचा हात पुढे केला. चन्नप्पांनी बिल्ला तिच्या हातावर ठेवला. 

त्यांच्या अंधाऱ्या घराकडे तिनं एकदा बघितलं. मग वळली, रस्ता ओलांडून आमच्या दारात गेली, उंबऱ्यात उभी राहिली आणि तिथून गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओळग बर्री."

तिला कानडीतले एवढेच दोन शब्द येत होते. सहा वर्षं रोज सव्वासातला समोरून ऐकलेले. चन्नप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, रस्ता ओलांडला, आमच्या पायरीशी चपला काढल्या आणि आत आले.