लिंबाजी अण्णाचं वजन

म्हातारपणी माणूस एकादशी धरतो. आमच्या लिंबाजी अण्णानं म्हातारपणी सोडली. का सोडली म्हणून विचारलं तर म्हणतो, "उपासाच्या दिवशी गाडी चढत न्हाई."

ही गाडी म्हणजे यष्टी न्हाई अन् रेल्वे बी न्हाई. बदनापूर रोडला आमच्या शेठचं लेकरांचं पार्क आहे, तिथला रोलर कोस्टर. नाव 'डाकू एक्सप्रेस'. मी त्या पार्कच्या फाटकावर तिकिटं फाडतो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण जे पाह्यलं ते बराबर सांगतो. कुणाला पटो न पटो.

शेठला डाकूंच्या पिक्चरचा भारी नाद. म्हणून त्यानं गाडीच्या वाटंवर सगळी डाकूंची घाटी उभी केली. बाहेर बोर्डावर पाहाल तर आग, घोडे, बंदुका. आत फायबरचा एक घोडा, त्याला कान बी एकच. बोगद्यात डाकूंचा सरदार उभा, त्याची मिशी एका अंगानं सुटून लोंबते. तो जोरात हसायला पाह्यजे, पण स्पीकर अटकतो. त्यामुळं हसणं सुरू होतं अन् खोकल्यावर बंद पडतं. जाफराबादहून जीप करून आलेली एक बाई उतरल्यावर मला म्हणली, "मामा, तुमच्या डाकूला दवाखान्यात न्या."

गाडीची खोड अशी, की साखळी तिला पहिल्या टेकडीवर ओढून नेते. तिथून उतरून पुढची टेकडी तिनं आपल्या जोरावर चढायची. माणसं भरपूर असली तर चढते. हलकी असली की दुसऱ्या टेकडीवर जाऊन उभी राहते, अडेल बैलावानी. मंग गाडी चालवणारा शब्बीर शिडीनं वर जाणार अन् खांदा लावून ढकलणार.

अण्णा पहिल्यांदा आल्ता तो नातवाला घेऊन. पोरगा पुण्याला नोकरीला, नातू सुट्टीत आल्ता. त्या दिवशी गाडीत मोजून चार माणसं, तरी गाडी न अडता फिरून आली. शब्बीर अण्णाच्या पोटाकडं पाहून म्हणला, "चाचा, तुम रोज आया करो." तो म्हणला मस्करीत. नातू पुण्याला गेला अन् अण्णा दुसऱ्या दिवशी हजर. जुन्या जालन्यातून ऑटोनं, इस्त्रीचा सदरा घालून, मी फाटक उघडायच्या आधी.

तवापासून अण्णा गाडीचं वजन झाला. तिकीट न्हाई, पगार न्हाई, पण ऐट स्टेशन मास्तरची. हयातभर मोंढ्याच्या बाजारात मापाडी होता, धान्याचे पन्नास किलोचे कट्टे तोललेले. बसणाऱ्याला वरून खालून पाह्यचा अन् जागा द्यायचा. "तुम्ही पुढं. तुम्ही मागं. बाई, तुम्ही मधात बसा, तुम्ही दीड कट्टा आहात." एक मास्तरीणबाई त्या दीड कट्ट्यावरून अशा बिघडल्या, की उतरून थेट रोडला जाऊन उभ्या राह्यल्या.

मी म्हणलं, "अण्णा, बायामाणसाला असं बोलतेत का?"

"मापात पाप करायचं न्हाई," अण्णा म्हणला.

डॉक्टरनं त्याला शुगर सांगितली. वजन उतरवा म्हणला. अण्णा दवाखान्यातून थेट फाटकावर येऊन मला म्हणतो, "त्याचं काय जातं? त्याला कुठं गाडी ढकलायची." अन् कचोरी मागवली. पुण्याहून पोराचा फोन आला की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ड्यूटीवर आहे, मागून कर." मागून फोन आलेला मी काही पाह्यला न्हाई.

गाडीत बसला की मातर त्याचं तोंड सुरू. शेजारच्याला गाव विचारणार, आडनाव विचारणार, दुसरी टेकडी येईस्तोवर कुठलं तरी सोयरपण काढणार. "भ्यालेलं माणूस जल्दी बोलतं," असं त्याचं म्हणणं. एकदा परतूरच्या एका जावयानं भेदरून सासऱ्याचं सगळं गाऱ्हाणं त्याला सांगून टाकलं. पण खाली उतरलं की लोक आपापल्या लेकरांमागं आइस्क्रीमकडं. अण्णा डब्यात बसून हात करत राह्यचा. वळून पाहणारा एखादाच.

अवंदा शेठचा पोरगा इंजिनेर घेऊन आला. गाडी नवी करायचं ठरलं. चाकं नवी, मोटर नवी. डाकू अन् घोडा भंगारात. आता अंतराळाचा पिक्चर, चंद्रावर जायचं. अण्णा दिवसभर इंजिनेरच्या मागं मागं. शेवटी विचारलंच, "साहेब, वजनाचं कसं करता?"

"आजोबा, आता वजनाची गरज नाही. एकटा माणूस बसला तरी आरामात वर जाईल."

अण्णा म्हणला, "एकटं वर जायला गाडी कशाला लागते?"

इंजिनेर हसला, शब्बीर हसला. मी हसलो न्हाई. मी अण्णाच्या तोंडाकडं पाहून राह्यल्तो.

जुनी गाडी खोलून काढायच्या आदल्या दिवशी पार्कात माणूस न्हाई. कापूस वेचायचे दिवस, कोण येतं? अण्णा सकाळपासून डब्यात बसून. दुपार कलली तसा शब्बीर म्हणला, "चाचा, अब घर जाव." अण्णा जागचा हालला न्हाई. मला म्हणला, "या की."

"फाटकावर कोण थांबल?"

"कोण येऊन राह्यलंय?"

ते बी खरंच. मी जाऊन शेजारी बसलो. मी म्हणजे वाळकी तुराटी, माझं वजन ते काय. शब्बीरनं दोघांकडं पाह्यलं, मान हालवली अन् खटका दाबला. साखळी कुरकुरत वर निघाली. अण्णानं तोंड उघडलं अन् मिटलं. माझं गाव त्याला ठाऊक, सोयरपण बी कवाच काढून झाल्तं. विचारायला काही उरलं नव्हतं.

गाडी उतरली, बोगद्यातून निघाली अन् दुसऱ्या टेकडीवर जाऊन बिलकुल उभी राह्यली. वरून सगळं रान दिसत होतं. पांढरा कापूस, पल्याड रेल्वेचे रूळ. वारा मस्त होता.

शब्बीर खालून म्हणला, "चाचा, ढकलने कू आऊं क्या?"

अण्णा डब्यातून वाकला. "तू चहा पिऊन ये निवांत. आम्ही बोलून राह्यलो."

आम्ही काहीच बोलत नव्हतो.