कै. ढुंढिराजपंतांची पत

माणूस किती विश्वासाचा आहे हे त्याला स्वतःला सांगता येत नाही, म्हणून ते तीन आकड्यांत कळवण्याची सोय करण्यात आली आहे. तीनशे ते नऊशे. तीनशेवाल्याला दारात उभं करू नये. नऊशेवाला अद्याप कुणी पाहिलेला नाही. पूर्वी हे काम शेजारी करत. पण शेजाऱ्यांना राग असतो, लोभ असतो आणि आठवण असते. 'पतदर्पण' या संस्थेला यांपैकी फक्त आठवण आहे. या संस्थेबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. तो का, ते कळावं म्हणून दूधविनायकावरच्या खांबेट्यांची हकीकत देतो.

(मी गंगेवरच्या ब्रह्माघाटावर राहतो, वैदिक आहे. खांबेट्यांच्या घरी पितृपक्षातल्या श्राद्धाला पितरांच्या पानावर गेली बावीस वर्षं मीच बसतो. म्हणजे वर्षातून एक दिवस, दुपारी साधारण दोन तास, शास्त्राप्रमाणे मी त्यांचा पूर्वज असतो. उरलेल्या वेळात माझं त्यांच्याशी काही नातं नाही.)

खांबेट्यांनी सहा पिढ्या दोन नावांत भागवल्या आहेत. ढुंढिराजाचा मुलगा श्रीनिवास, श्रीनिवासाचा मुलगा ढुंढिराज. काटकसर म्हणून ही पद्धत वाखाणण्यासारखी आहे. दारावरची पाटी एकदाच रंगवावी लागते. अडचण एवढीच की सुनेने सासऱ्याचं नाव घेऊन मुलाला हाक कशी मारायची? त्यामुळे कागदावर ढुंढिराज श्रीनिवास खांबेटे असलेला हल्लीचा नातू घरात मुकुल आहे. वय बत्तीस, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी, कुणाचा एक रुपया देणं नाही. हा शेवटचा दोष पुढे उघडकीला आला.

गेल्या वैशाखात घरमालकाने निरोप पाठवला की खांबेटे राहतात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या तो विकतो आहे. गेस्ट हाऊसवाला पैसे मोजायला तयार आहे, पण साठ वर्षांचे भाडेकरू म्हणून पहिला हक्क खांबेट्यांचा. दसऱ्यापर्यंत पैसे द्या, नाहीतर सामान काढा. गाठीला होतं ते धरून नऊ लाख कमी पडत होते. मुकुल चार बँकांत गेला. चौघींनी त्याचा स्कोअर पाहिला, चौघींनी नकार दिला आणि प्रत्येक पाहण्यागणिक तो थोडा आणखी उतरला. (कर्जाची गरज असणं हे कर्ज मागणाऱ्यात वाईट लक्षण समजतात.) शेवटी तो चारशे बारावर येऊन थांबला.

चौकशीअंती कारण सापडलं. मुकुलचे आजोबा, म्हणजे कै. ढुंढिराजपंत, यांनी दोन हजार दहा साली बारा हप्त्यांवर एक इन्व्हर्टर घेतला होता. अकरा हप्ते त्यांनी वेळेवर भरले. बारावा, रुपये सहाशे चाळीस, नेमका त्यांच्या तेराव्याच्या दिवशी आला आणि पंगतीच्या गडबडीत राहून गेला. पुढे ते कर्ज एका वसुली कंपनीने विकत घेतलं, तिच्याकडून दुसरीने, आणि चौदा वर्षांत दंड-व्याज धरून ते अडतीस हजार चारशे सोळा रुपये झालं. नाव तेच, बापाचं नाव तेच, पत्ता तोच. पतदर्पणाने आजोबा-नातवाचं एकच खातं करून टाकलं होतं. जे एकत्र कुटुंब शहरात कुणाला टिकवता आलं नाही, ते संस्थेने टिकवलं.

मग वसुलीवाला आला. अनिमेष नावाचा सालस मुलगा होता, तीन जिने चढून घामाघूम झालेला.

"बाबूजी, ढुंढिराज जी से मिलना था. इन्व्हर्टर वाले."

श्रीनिवासराव, म्हणजे मुकुलचे वडील, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "वे तो चौदह साल पहले मणिकर्णिका गए, बेटा."

अनिमेषने मोबाइलमधला तक्ता उघडला. त्यात तीनच पर्याय होते: घरी भेटले नाहीत, पैसे द्यायला नकार, पत्ता बदलला. त्याने बराच विचार केला आणि पत्ता बदलला यावर बोट टेकवलं. खाली नवा पत्ता भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नव्हता, तिथे त्याने मणिकर्णिका घाट लिहिलं.

"अहो, धूपातून आलाय बिचारा, पानी तरी द्या त्याला," मुकुलची आई, प्रभावतीकाकू, आतून म्हणाल्या. पाणी आणि पेढा घेऊन तो गेला. पुढची तीन पत्रं खरोखरच घाटावर गेली, आणि चितेच्या लाकडांच्या वखारवाल्याने ती सांभाळून परत आणून दिली.

मुकुलने आजोबांचा मृत्यूचा दाखला पाठवला. संस्थेने नऊ दिवसांत शोक व्यक्त केला आणि एकत्र खात्यावर 'मयत' असा शेरा मारला. त्यामुळे मुकुलही वारला. मात्र त्याचा स्कोअर अकराने वाढला. मृतांकडून नवीन कर्ज घेतलं जाण्याचा धोका कमी, असं कारण सोबत दिलं होतं. या तर्कात खोट काढून दाखवावी.

अखेर सगळे पैसे भरून टाकायचं ठरलं. त्यासाठी मुकुलच्या बायकोने, मधुराने, हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मला वाईट वाटलं. लग्नात त्या तिच्या हातात चढल्या तेव्हा मंत्र मीच म्हणत होतो.

पैसे पोचताच पतदर्पणाने तत्परता दाखवली. चूक मान्य करून दोन खाती वेगळी केली आणि ज्याचं त्याला दिलं. अकरा वेळेवरचे हप्ते, चौदा वर्षांचा अनुभव आणि एक पूर्ण फेडलेलं कर्ज आजोबांकडे गेलं. त्यांचा स्कोअर आठशे बारा. मयत हा शेरा एकत्र खात्यावर होता, आणि ते खातं आता उरलं नव्हतं, म्हणून शेराही उरला नाही. मुकुलच्या वाट्याला काहीच आलं नाही. जन्मात कधी कर्ज न घेतल्यामुळे त्याची पत उणे एक ठरली. म्हणजे शून्यापर्यंत यायलाही त्याला एक पायरी चढायची होती.

बापलेक बँकेत गेले. तिथले शाखाधिकारी सुशांत देवतळे मूळचे नागपूरचे, त्यामुळे नकार निदान मराठीत मिळाला.

"काका, यांची हिस्टरीच नाही. कर्जच घेतलं नाही कधी."

"असं कसं साहेब? माणूस तीन ऋणं घेऊनच पैदा होतो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण."

"हप्ता कुठल्या खात्यातून जातो?"

"तर्पण करतो ना तो. हर साल."

"त्याची पावती?"

श्रीनिवासरावांनी सवयीने खिसा चाचपला. तेवढ्यात देवतळ्यांनी संगणकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पण याच पत्त्यावर दुसरे एक खांबेटे आहेत. उत्तम ग्राहक. त्यांना नऊ लाख आधीच मंजूर दिसतात. फक्त ओळख पटवायला व्हिडिओवर यायचं आणि डोळे मिचकावायचे. त्यांना पाठवा की."

दसऱ्याला तेवीस दिवस होते. घरात दोन रात्री कुणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी श्रीनिवासराव माझ्याकडे आले आणि शास्त्रार्थ विचारला. मी विचार करून सांगितलं, की ज्याला पितरांच्या पानावर बसवलं तो भोजन संपेपर्यंत पितरच असतो. यावर मतभेद नाहीत.

श्राद्धाच्या दिवशी मी वडे-खिरीच्या पानावर बसलो. मधुराने समोर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. पडद्यावर मुक्ता नावाची बँकेची मुलगी आली.

"आप ही ढुंढिराज श्रीनिवास खांबेटे हैं?"

श्राद्धाचं जेवण मौनाने करायचं असतं. मी मान हलवली.

"व्यवसाय?"

"निवृत्त हैं," श्रीनिवासराव म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं.

मी दोनदा डोळे मिचकावले. आजोबांच्या जुन्या छायाचित्राशी माझा चेहरा चौसष्ट टक्के जुळला. साठ पुरतात. पिंड गंगेत सोडण्याआधी कर्ज मंजूर झालं. मग रीतीप्रमाणे पितरांना निरोप देण्यात आला आणि मी दक्षिणा घेऊन घरी आलो.

खोल्या खांबेट्यांकडेच राहिल्या. हप्ता मुकुल भरतो, दर महिन्याच्या पाच तारखेला. त्यामुळे आजोबा आठशे एकतीसवर पोचले आहेत आणि बँकेने त्यांना मोटारीसाठी विचारलं आहे. मुकुल उणे एकवरच आहे. हल्ली माझा फोन सारखा वाजतो. काल सिग्रा मोहल्ल्यातले एक गृहस्थ आले होते, परवा लंका मोहल्ल्यातले दोघे.

आता तुम्ही. मजेत वाचलंत, कारण आपण कुणाचा एक रुपया देणं लागत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मुकुललाही ठाऊक होतं. तेव्हा आजोबांची तिथी आणि एक स्वच्छ छायाचित्र काढून ठेवा. चेहरा फार देखणा नसला तर बरं, जुळायला सोपं जातं. येत्या पितृपक्षात माझ्याकडे पाच दुपारी अजून रिकाम्या आहेत. दक्षिणा मात्र रोख. तुमची पत मी पाहिली आहे.