टाकीतलं लाकूड

आधी लाकूड पाण्यात बुडेना, आणि बुडालं तेव्हा पाणी चहासारखं झालं. येरळा नदीच्या पात्रात सापडलेली बाभळीची ती वाकडीतिकडी मुळी नईमला माशांच्या काचेच्या टाकीत ठेवायची होती. रंग सुटायचा थांबेपर्यंत लाकूड उकळा, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. नईमने उकळलं. रंग थांबला नाही, सिलिंडर संपला.

"माशांचं लाकूड शिजवताय आन् माणसांना भात न्हाई," त्याची बायको नूरीन म्हणाली. "ते आदी घराबाहेर काढा."

नईम बेदाण्याचा दलाल. माल पाणी बदलत धुतला की स्वच्छ होतो, हा त्याचा अनुभव. रोज भरणारी आणि रोज रिकामी होणारी एकच जागा त्याच्या डोळ्यांसमोर आली: गच्चीवरची पाण्याची टाकी. एवढ्या पाण्यात काय कळतंय, म्हणून त्याने मुळीला दगड बांधून ती आत सोडली.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे घरमालक, निवृत्त सुभेदार लालासाहेब, अंघोळीला बसले आणि तांबूस होऊन बाहेर आले.

"आवं, बनियन बगा की!" त्यांच्या पत्नी मनुबाई ओरडल्या. "गेरूत बुडवल्यागत झालंय!"

लालासाहेब पाण्याची बाटली भरून तडक ग्रामपंचायतीत गेले. नळात गटार मिसळतंय, ही बातमी त्यांच्या आधी गल्लीत परत आली. मग प्रत्येकाने आपलं पाणी उजेडात धरलं आणि प्रत्येकाला ते पिवळट दिसलं.

"आमच्याला तर वास बी येतोय," शेजारचे दादासो म्हणाले. त्यांच्या नळाला परवापासून पाणीच नव्हतं.

नईमने गुपचूप मुळी काढून कॉटखाली दडवली आणि खरं सांगायला तो खाली धावला. तोवर गल्ली खणायला जेसीबी आला होता.

"काका, ऐका की!" तो ओरडला. नेमकं तेव्हाच मशीन थांबलं. सगळी गल्ली त्याच्याकडे बघू लागली.

"च्या... च्या घेणार का कोण?" नईम म्हणाला.

सगळ्यांनी घेतला. चहा संपतो न संपतो तोच चरात उतरलेला पाणीवाला अर्जुना ओरडला, "घावलं!" पाइप खरोखरच फुटला होता आणि त्याच्या उरावरून गटार वाहत होतं. लालासाहेबांच्या गळ्यात हार पडला. टाळ्या सगळ्यात जोरात नईमने वाजवल्या.

आठवड्याभराने लालासाहेब वर आले. माशांच्या टाकीत मुळी बसली होती, मासे तिच्याभोवती फिरत होते. सुभेदार काचेला नाक लावून मुळी बघू लागले.

"काका, मी सांगणारच हुतो..."

"गप रं. त्याच सकाळी गच्चीवरच्या टाकीत वाकून बगितलं मी. फौजेत आदी आपलीच छावणी तपासत्यात."

"मग बाटली घिऊन कशाला गेलासा?"

"वरीसभर अर्ज दितोय, पाण्याला वास मारतोय म्हणून. वास बाटलीत भरून दावता येत न्हाई गड्या. रंग येतो." ते खिडकीशी गेले. खाली चर अजून उघडाच होता; त्यांची मोटारसायकल पलीकडे अडकली होती. "आता बुजवायला कोण येईना. ते लाकूड परत वरच्या टाकीत सोडतोस का, दोन दिस?"

नईमने नूरीनकडे पाहिलं. तिने मुळी न्यायला बादली पुढे केली.