एकशे बारा पायऱ्यांवरचा रक्तदाब

क्रेनवाल्याचा रक्तदाब एकशे चौसष्ट निघाला आणि कंपनीच्या डॉक्टरांनी त्याची बावीस वर्षांची केबिन एका दमात काढून घेतली. "एकशे साठच्या वर दाब असलेल्यानं शिडी चढायची नाही, उतरायची नाही, क्रेनला हात लावायचा नाही. माझ्याच सहीचा नियम आहे. उद्यापासून गेटवर बसा."

"गेटवर? गाड्यांचे नंबर लिहीत? माझा दोष काय, साहेब?"

"दोष तुमच्या चरबीचा. ती लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते. ते रक्तातून मेंदूत जातं, मेंदू हुकूम सोडतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो."

"म्हणजे चुगली पोटानं करायची, ऐकून मेंदूनं घ्यायची आणि गेटवर मी बसायचं!" क्रेनवाला उसळला. "माझा दाब तुमच्या या खोलीत चढतो. वर केबिनमध्ये मोजा. तिथंही तेवढाच भरला, तर मुकाट्यानं किल्ली देतो."

डॉक्टरही चांगलेच भरल्या अंगाचे, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दाब मोजायचं यंत्र काखोटीला मारून ते क्रेनच्या शिडीकडे निघाले. चाळिसाव्या पायरीला त्यांनी नियम सांगणं थांबवलं, सत्तराव्या पायरीला बोलणंच.

केबिनमध्ये दोघांनी दहा मिनिटं दम खाल्ला. मग क्रेनवाल्याचा दाब मोजला. एकशे अठ्ठावन्न.

"बघा!"

"हाही जास्तच आहे," डॉक्टर म्हणाले खरे, पण चेहरा पांढराफटक पडला होता. क्रेनवाल्याने न विचारता पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. एकशे शहाऐंशी! पुन्हा दहा मिनिटांनी मोजला, तर एकशे ब्याऐंशी.

"साहेब, तुमचंही पोट चुगलखोर दिसतंय."

"मी उतरतो."

"कसे? नियमावर सही कुणाची?"

आता हुकाला माणसं उतरवायचा पिंजरा लावून डॉक्टरांना क्रेननेच उतरवणं भाग होतं. पाळीवर क्रेनवाला हा एकटाच, आणि त्याच्या कागदावर 'अपात्र' असा शेरा.

"शेरा बदलल्याशिवाय मी दांड्याला हात लावणार नाही," तो हाताची घडी घालून म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

डॉक्टरांनी गुडघ्यावर कागद ठेवून, दात-ओठ खात सही केली : पात्र, तीन महिने मुदत, वजन सात किलो कमी करणे.

पिंजरा अलगद खाली निघाला. सगळं यार्ड काम टाकून बघत होतं. अर्ध्यावर आल्यावर डॉक्टरांना पुन्हा आवाज फुटला. "सात किलो! आणि गोळी चुकवायची नाही!"

क्रेनवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "नाही चुकवणार, साहेब! पण दर आठवड्याला दाब मोजायला वर तुम्ही यायचं. पायऱ्यांनी!"