चिमणीचं वाक्य पुरं होईपर्यंत

“तुम्ही? आणि तासभर गप्प?” समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर जिन्याचा कठडा धरून हसायला लागले. “अहो, माझ्या खुर्चीत तोंडात कापूस कोंबला तरी तुमची टकळी चालू होती!”

“लागली पैज! हरलो तर रविवारी सगळ्या बिल्डिंगसमोर तुमची गाडी धुतो. जिंकलो तर तुम्ही माझी स्कूटर!”

मंडळी, ही पैज मी जिंकूनच बसलो होतो. कारण आमची ही स्पीच थेरपिस्ट. शाळेतल्या लहान मुलांचे बोलण्याचे सराव लॅपटॉपवरून घेते. आणि त्याच दिवशी दुपारच्या तासाला तिने मला मुक्याचं काम दिलं होतं!

“‘बोला’ म्हटलं की मुलं गप्प बसतात,” तिने सकाळीच बजावलं होतं. “पण मोठा माणूस चुकला की त्यांना राहवत नाही. तुम्ही नुसत्या चुका करायच्या. हातात मोजे, उलटा चष्मा. तोंडातून अक्षर नाही. जमेल?”

“चुका? अगं, जन्मभर दुसरं केलंय काय!”

“दात काढू नका. आज मुख्याध्यापिकाबाई बघायला बसणार आहेत. तास चालू ठेवायचा की बंद, ते आज ठरणार. आणि चिमणी अजून चकार शब्द बोललेली नाही.”

चिमणी म्हणजे दुसरीतली पोरगी. बोलताना अडखळते. वर्गात कुणीतरी हसलं आणि तिने तोंडच मिटून घेतलं. हा तास बंद पडला, तर ते उघडणार कधी?

“ती बोललीच, तर एक लक्षात ठेवा,” ही म्हणाली. “मध्ये बोलायचं नाही, तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही, नजर हलवायची नाही. हसऱ्या तोंडाने थांबायचं. कितीही वेळ लागो!”

तास सुरू झाला. ही लॅपटॉपसमोर, तिच्या मागे टेबलाशी मी, आणि समोर सोफ्यावर पंच म्हणून डॉक्टर! माझ्या ओठांवर त्यांची अशी नजर, जणू अक्कलदाढच शोधतायत.

मी हातात मोजे घातले. “पायात! पायात!” पोरं किंचाळली. मी कंगव्याने दात घासले, नाकाला कपड्यांचा चिमटा लावला. एकच गोंधळ! शेवटी हिने सगळ्यांचे माईक बंद केले. ज्याची पाळी, त्याचाच माईक चालू. एकेक पोर बोललं. चिमणीचा माईक चालू झाला, ती मात्र आपल्या चौकटीत देवळातल्या मूर्तीसारखी स्तब्ध. मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाळावर आठी. हिचा आवाज बारीक झाला.

म्हटलं, आता हुकमाचा एक्का. वर्तमानपत्राला इस्त्री करायची! इस्त्री थंड ठेवायची ठरली होती. पण मी कसला ऐकतोय! थोडी वाफ दिसली तर पोरं खूश होतील, म्हणून गुपचूप बटण दाबलं. दोनदा इस्त्री फिरवली, बाजूच्या टॉवेलवर ठेवली, आणि कॅमेऱ्याकडे वळून ऐटीत वाकलो.

तेवढ्यात चिमणीचे ओठ हलले.

“का... का... काका...”

हिने श्वास रोखला. मीही. उलटा चष्मा, चिमटा लावलेलं नाक आणि तोंडभर हसू!

“तु... तु... तुमच्या...”

मी मान हलवली. वा! बाकीची पोरं आपापल्या चौकटीत उड्या मारत होती. म्हटलं, मैत्रीण बोलली म्हणून आनंद! मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. म्हटलं, खूश झाल्या! त्यांचं तोंड उघडमीट होत होतं, पण माईक बंद. समोर डॉक्टर माझ्यामागे बघत गालातल्या गालात हसत होते.

“मा... मा... मागे...”

मी अंगठा वर केला. पाठीला जरा ऊब लागली. म्हटलं, यशाची ऊब!

“टॉ... टॉवेल...”

बोल बाई, बोल!

“...पे... पेटलाय!”

“शाब्बास!” ही म्हणाली. “टॉवेल पेटलाय. सगळं वाक्य बोललीस!” मग तिने शांतपणे उठून इस्त्रीची वायर खेचली.

मी वळलो. आणि बिल्डिंग हादरेल असा ओरडलो, “मेलोऽऽऽ!”

“हरलात!” म्हणत डॉक्टरांनी फुलदाणी उपडी केली. निम्मं पाणी टॉवेलवर, निम्मं माझ्यावर.

“अहो, धूर दिसत होता ना तुम्हाला?”

“दिसत होता की! म्हटलं, हीसुद्धा तुमची ठरवलेली चूकच असणार!”

मी हिच्याकडे वळलो. “आणि तुला? वाससुद्धा नाही आला?”

“आला ना. पण तिचं वाक्य तुटलं असतं. टॉवेल काय, दुसरा मिळतो.”

“आणि मी?”

ती डोळे पुसत होती.

तास चालू राहिला. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, मात्र इस्त्रीशिवाय.

रविवारी पार्किंगमध्ये मी बादली घेऊन उतरलो. गॅलऱ्या माणसांनी गच्च. आणि समोर स्टुलावर लॅपटॉप! हिने मुलांना जादा सराव ठेवला होता. विषय: काका कुठे चुकतायत?

डॉक्टर खुर्चीत चहा पीत होते. मी दर्शनी बाजू चकाचक केली, फडकं पिळलं आणि म्हणालो, “झालं! फिटली पैज!”

डॉक्टर मान डोलावणार, एवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला.

“का... का...”

सगळी बिल्डिंग गप्प झाली. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. कुणी हललं नाही, कुणी मध्ये बोललं नाही. फडक्याचं पाणी माझ्या बाहीतून थेट काखेत गेलं.

“...प... पलीकडची बा... बाजू रा... राहिलीय!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मी मुकाट्याने बादली उचलली. डॉक्टरांच्या लक्षातही आलं नव्हतं हो!