दौलतराव रेड्याची जूनची रजा

आमच्या पशुदवाखान्यातले रेडे दौलतराव यांनी बारा एप्रिलला रजेचा अर्ज दिला, आणि रजा मागितली ती जूनची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आज पत्र्याखाली ऊन लागले.'

मी इथला पर्यवेक्षक. ऊन लागलं की त्याच दुपारी घरी पळणारे पुष्कळ पाहिलेत. मी म्हटलं, "दौलतराव, ऊन आजचं आणि रजा जूनमध्ये?"

"साहेब, आमचं ते खातं निसर्गाने अंगाबाहेर उगाच नाही बसवलं," ते शांतपणे म्हणाले. "अंगापेक्षा चार अंश गारवा मिळाला तरच तिथलं काम नीट होतं. एक बीज तयार व्हायला दोन महिने लागतात. आज करपलेलं जूनमध्ये हाती येणार. तेव्हा मी ठणठणीत दिसेन, पण कामाचा नसेन."

असा कर्मचारी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही हो! रजा तिथल्या तिथे मंजूर केली.

जूनमध्ये पंचफुलाबाई इंगळे म्हैस घेऊन आल्या. दोर सुनेच्या हातात होता.

"साहेब, गावच्या रेड्यापाशी दोन खेपा नेली, दोन्ही खेपा उलटली, गाभण राह्यलीच नाही," पंचफुलाबाई म्हणाल्या. "माहा पोरगा म्हणते, वांझ हाय, इकून टाकू. आता तुमचाच आधार."

'वांझ' म्हटल्याबरोबर सून खाली बघायला लागली.

दौलतराव उठून आले. "मी रजेवर आहे बाई. पण गावचा रेडा बांधतात कुठं?"

"शाळेमागं. उघड्यावर."

"सावली?"

"कायची सावली जी!"

दौलतरावांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला: 'चौकशीअंती असे दिसते की रेडा भर उन्हात असतो. सबब दोष म्हशीचाच, असे म्हणता येत नाही. मादीचे बीजही उष्णतेने बिघडते, म्हणून तिला रोज डुंबू द्यावे. जुलैमध्ये मी हजर होईन. तोवर तिला बाजार दाखवू नये.' खाली त्यांनी खूर उमटवला, मी शिक्का मारला. खरं सांगतो, ऊर भरून आला माझा. आपल्यातल्याची चूक अशी लेखी कोण देतो?

पंचफुलाबाईंनी कागद कपाळाला लावला. तेवढ्यात सून पहिल्यांदाच बोलली. "अजून एक कागद भेटन का?"

"कोणत्या म्हशीसाठी?" मी विचारलं.

दौलतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"तुमचे मालक काय करतात?" त्यांनी तिला विचारलं.

"वीटभट्टीवर हायेत. चार वर्सं झाले. लग्नालेही चारच."

"भट्टीच्या तोंडाशी?"

"हो जी. दिवसभर."

पंचफुलाबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं.

"साहेब, दुसरा कागद लावा," दौलतराव म्हणाले. "चौकशीअंतीपासून सगळं तसंच. म्हशीच्या जागी या बाईंचं नाव, रेड्याच्या जागी मालक, उन्हाच्या जागी भट्टी. डुंबण्याचं आणि माझ्या हजर होण्याचं गाळा. 'बाजार दाखवू नये'च्या जागी 'माहेरी धाडू नये'. आणि सोबत रजेचा एक कोरा अर्ज जोडा, मालकांसाठी. दोन महिन्यांचा."

सुनेनं नाव सांगितलं, ज्योत्स्ना. मी टाईप केलं. खूर उमटला, शिक्का बसला.

पंचफुलाबाईंनी तिन्ही कागद कमरेला खोचले. मग सुनेच्या हातातून म्हशीचा दोर काढून घेतला.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "तू सावलीनं चाल."