सोळा दिव्यांचा बांगडा

सन २०२४, मार्चचा पहिला आठवडा. दम्माममधली थंडी सरत आली होती, रमझान चार दिवसांवर होता, आणि तळलेल्या मासळीचं दुकान चालवणाऱ्या हाशमने ठरवलं की दारावर दिव्यांची पाटी लावायची. शेजारच्या न्हाव्याने लावली होती, एवढंच कारण.

पाटीत सोळा ओळी, ओळीत सोळा दिवे. मोबाइलवर चौकोन रंगवायचे, तेवढे दिवे पेटतात. हाशमने कोणाची मदत घेतली नाही. (उपकार घेणं त्याच्या घराण्यात नव्हतं. शिकणंही नव्हतं.) डोळा, तोंड, कल्ले, पर, शेपूट, बांगड्याचं होतं नव्हतं ते सगळं त्याने सोळा ओळींत कोंबलं.

त्याची बायको जोहरा रस्त्यापलीकडून बघून आली.

"अहो, बूट छान झालाय."

"बांगडा आहे तो."

"मग नाडी कशाला बांधली?"

"कल्ले आहेत ते. तुला काय कळतंय?"

संध्याकाळी एक ट्रकवाला आला. गल्ल्यावर चपलांचा जोड ठेवला, एकीचा तळ उसवलेला, आणि दहा रियाल ठेवले. "चाचा, तला सी देना, परसों लूँगा." हाशमचं तोंड उघडेपर्यंत ट्रक कोपऱ्यावरून वळला होता.

दुसऱ्या दिवशी दोघे जण पॉलिश विचारून गेले. मासळी कोणी विचारली नाही. बर्फावरचे बांगडे हाशमकडे बघत राहिले. रमझानात हेच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

जोहराने आपलं दोसुतीचं कापड पुढे टाकलं. घरं मोजून टाके भरण्यात तिचा जन्म गेला होता.

"हा मोर. पिसं मोजा."

"तीनच आहेत."

"तरी मोर दिसतो ना? बाकीची बघणारा भरतो. डोळ्याच्या जागी एक घर रिकामं ठेवा, शेपटीपाशी कंबर बारीक करा. कल्ले पुसा."

"कल्ल्यांशिवाय तो श्वास कसा घेणार?"

"पाटीवर आहे. नाही घेणार."

तिने अर्धे दिवे विझवले. हाशम रस्त्यापलीकडे गेला, वळला, आणि त्याला बांगडा दिसला. तिला त्याने तसं सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या आत बर्फ रिकामा झाला.

ठरल्या दिवशी ट्रकवाला आला आणि पाटी बघून दारातच थबकला.

"चाचा, धंधा बदल दिया?"

हाशमने गल्ल्यामागून उसवलेली चप्पल काढून दिली. पैसे गल्ल्यात पडले म्हणजे काम अंगावर आलं. जोहराची गोधडीची सुई घेऊन त्याने दुपारीच तळ शिवला होता.

ट्रकवाल्याने तळ वाकवून पाहिला, ओढून पाहिला.

"क्या सिलाई है. चाचा, पहलेवाला बोर्ड ही ठीक था."

हाशमने दुसऱ्या पायाची चप्पलही त्याच्या हातात ठेवली. न सांगता तिचाही तळ शिवलेला होता.